फियाटचा रंग : घासायचा की राखायचा?

जुन्नर-आंबेगावच्या बहुतेक गावांत बैलपोळा भाद्रपदी अमावस्येला असतो. त्यानंतर दहाच दिवसांनी दसरा. म्हणजे आधी बैल धुवायचे आणि मग गाड्या. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर दोन्ही कामं एकाच दगडावर, एकाच बादलीने व्हायची. खंडेनवमीला ट्रॅक्टर, पिकअप, मोटरसायकली अशी रांग लागायची आणि सगळ्यात शेवटी, सावली आली की, आजोबांची १९६८ची फियाट.

चार वर्षांपूर्वी मला वाटलं, यंदा ती चमकवूनच दाखवू. बाजारातून रबिंग कंपाउंडचा डबा आणला, जुन्या टॉवेलचा बोळा केला आणि बॉनेटवर जोर लावला. फडक्याला निळा रंग लागत होता. मला वाटलं, मळ निघतोय. पाच मिनिटांत बॉनेटच्या कडेला राखाडी पट्टा दिसायला लागला. तो प्रायमर होता. मी मळ नाही, रंगच काढला होता.

आजोबा खाटेवरून एवढंच म्हणाले, "बैलाला असं घासतोस का रे?"

त्या राखाडी पट्ट्यामुळे मी गाडीच्या रंगाचा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून होते. गाडीच्या चकचकीत रंगाला इंग्रजीत 'लॅकर' म्हणतात. तो शब्द अरबी-पोर्तुगीज वळणं घेत गेला, पण त्याचं मूळ संस्कृतातल्या 'लाक्षा'त, म्हणजे आपल्या लाखेत आहे. झाडाच्या फांद्यांवर किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, ती लाख. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची चकाकी तिचीच. ऊन-पाऊस-हात यांच्यापासून वस्तू वाचवायची तर तिच्यावर पातळ, कडक, गुळगुळीत थर चढवायचा, ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे.

पहिल्या मोटारी रंगवायची पद्धत घोडागाडीचीच होती. जवसाचं तेल आणि राळ यांचं व्हार्निश, थरावर थर. प्रत्येक थर वाळायला वेळ आणि मग घासणं. एका गाडीला आठवडे लागत. हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. कारखान्यातून गाड्या धडाधड बाहेर पडत असताना रंग वाळायची वाट बघणं परवडणारं नव्हतं, आणि भट्टीत भाजायचा काळा रंग त्या कामाला सोयीचा आणि टिकाऊ होता.

हा खोळंबा १९२३च्या सुमारास संपला. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने 'ड्यूको' नावाचा नायट्रोसेल्युलोज रंग आणला आणि जनरल मोटर्सने तो ओकलंड गाड्यांवर वापरला. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि रस्त्यावर निळ्या, हिरव्या, लाल गाड्या दिसू लागल्या. नायट्रोसेल्युलोज म्हणजे कापसातल्या सेल्युलोजवर आम्लाची प्रक्रिया करून केलेला पदार्थ. त्याच कुळातून बंदुकीची दारू झाली आणि जुन्या सिनेमाची फिल्मही. २००३च्या जानेवारीत पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून जुन्या फिल्म जळाल्या, त्या याच भडका घेणाऱ्या नायट्रेटच्या. एकच रसायन, एकीकडे मूकपटांच्या फिल्मवर, दुसरीकडे मोटारीच्या बॉनेटवर.

आपल्याकडच्या गॅरेजांतही 'एनसी पेंट' म्हणून हाच रंग अनेक वर्षं चालला. कारण साधं आहे. त्याला भट्टी लागत नाही. थिनर उडून गेला की रंग वाळला. पण जो थिनरने वाळतो तो थिनरने पुन्हा विरघळतोही. म्हणून जुन्या गाडीवर कोणता रंग आहे हे बघायचं तर डिकीच्या आत, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, थिनरचा एक थेंब फडक्यावर घेऊन हलकेच टेकवायचा. रंग सहज विरघळून आला, तर तो बहुधा एनसी. इनॅमल असेल तर तो फुगेल किंवा सुरकुतेल. नव्या गाड्यांच्या पक्क्या रंगाला एका थेंबाने फारसं काही होत नाही.

आता फियाटकडे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे नाव पुणे जिल्ह्याला इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमुळे माहीत आहे. त्यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकन क्रायसलर कंपनीच्या गाड्यांची जुळणी आणि मग इटलीच्या फियाटशी करार. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७०च्या दशकात तिचीच प्रीमिअर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळ गिअर. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचा तो काळ. एकदा मिळाली की ती मुलाबाळांसारखी सांभाळायची. तालुक्याच्या गावात डॉक्टर, वकील, एखादा बागाईतदार यांच्या दारात ती दिसायची. मुंबईची काळी-पिवळी तीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून तीही रस्त्यावरून गेली. जी गाडी शहरात हजारोंनी होती, ती आता कुणाच्या तरी शेडमध्येच उरली आहे. आणि शेडमध्ये उरलेल्या अशा गाड्यांतही कारखान्यातून आलेला रंग अंगावर असलेल्या थोड्या, कारण चमक गेली की नवा रंग मारायचा, हीच आपली रीत.

चमक जाते कशी? त्या काळच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसायचा. रंग हाच सगळ्यात वरचा थर. उन्हाने त्यातली राळ झिजते, रंगाचे कण मोकळे होतात आणि गाडी खडू फासल्यासारखी पांढुरकी दिसते. हा मेलेला थर एखाद्या कागदाहून पातळ असतो. सगळा रंग मिळून साधारण ०.१ मिलिमीटर. कंपाउंड म्हणजे बारीक खर. प्रत्येक वेळी थोडा रंग कायमचा जातो आणि कडेला, जिथे तो मुळातच पातळ असतो, तिथे आधी प्रायमर दिसतो. माझं नेमकं हेच झालं.

दुसरा शत्रू आपली धूळ. पुणे-नाशिक रस्त्यावरून आलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसायची सवय सगळ्यांना आहे. आपला काळा पाषाण झिजून ही धूळ होते आणि तिच्यातले कण रंगापेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. सकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात, ते त्याचेच.

तिसरी गोष्ट हवा. आपल्या दोन तालुक्यांतच दोन हवामानं आहेत. पश्चिमेला नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर इथे चार महिने भिंतींना ओल. पूर्वेला बेल्हे, लोणी, धामणीकडे कोरडं ऊन. पश्चिमेत गाडी दाराच्या खालून, आतून गंजते. पूर्वेत छपरावरून, उन्हाने पांढरी पडते. म्हणून एकच उपाय दोन्हीकडे चालत नाही. ओलाव्याच्या गावात प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली की आत वाफ कोंडते. तिथे सुती, हवा खेळणारं कव्हर हवं आणि दाराखालची पाणी जायची भोकं काडीने मोकळी ठेवायला हवीत.

राहिली धुण्याची गोष्ट. गाडी सावलीत लावायची, पत्रा गार होऊ द्यायचा. आधी नुसतं पाणी, वरून खाली, धूळ वाहून जाईपर्यंत. मग दोन बादल्या. एकीत गाडीचा सौम्य शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. कपड्याची पावडर नको, ती मेणाचा थर काढून टाकते. बोअरचं पाणी जड असेल तर ते अंगावर वाळू द्यायचं नाही, पांढरे ठिपके पडतात. लगेच मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं. रॉकेल-डिझेलचा हात मारला की तासभर चमक दिसते, पण तेलकट थरावर धूळ चिकटते आणि रबर खराब होतं. शेवटी ब्राझीलच्या ताडाचं कार्नोबा मेण, पातळसं, वर्षातून दोनदा. मेण रंग परत आणत नाही. आहे तो जाऊ नये एवढंच बघतं.

आणि पूजा? ती करायचीच. पण पांढुरक्या, सच्छिद्र झालेल्या रंगात ओलं कुंकू मुरतं आणि डाग राहतो. आम्ही आता स्वस्तिक काचेवर काढतो. झेंडूचा हार संध्याकाळीच उतरवतो.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राहिलेल्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेच्या नंबरची सोय केली. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आमची फियाट वयाने त्यात बसते. म्हणून घरात वाद सुरू झाला आहे. काकांना चुलतबहिणीच्या लग्नाआधी गाडी पूर्ण खरवडून लालचुटुक करून हवी आहे. त्यांचंही चूक नाही. जिथे पत्रा उघडा पडून गंजतोय तिथे रंग मारावाच लागेल, नाहीतर गाडीच उरणार नाही. पण जिथे जुना रंग अजून पत्र्याला धरून आहे, तिथे तो खरवडला की परत मिळत नाही. नवा रंग पुढच्या वर्षीही मारता येईल. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६८ साली बसलेला थर पुन्हा कुणी देणार नाही.

ज्या आंबेगाववरून तालुक्याला नाव मिळालं ते जुनं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. जुन्या वस्तूंबद्दल आमच्याकडची माणसं हळवी असतात ती उगाच नाही. हातातून गेलेलं परत येत नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं.

सध्या तडजोड अशी ठरली आहे : दारांच्या खालच्या बाजूचा गंज काढून तेवढाच भाग रंगवायचा, वरचं अंग धुऊन मेण लावायचं. काका अजून पूर्ण पटलेले नाहीत. बॉनेटच्या कडेचा राखाडी पट्टा मी तसाच ठेवायला सांगितला आहे. दसऱ्याला धुताना हात तिथे पोचला की आपोआप हलका होतो.