कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली येथील भूकंपसुरक्षा

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली येथील परिसर अमेरिकेतील हेवर्ड प्रस्तरभंगावर वसलेला आहे. भूकंपात जीवितहानी टाळण्यासाठी तेथे इमारतींचे बळकटीकरण, पूर्वसूचना आणि आपत्कालीन प्रतिसाद अशी तिहेरी व्यवस्था केली आहे.

पार्श्वभूमी

हेवर्ड प्रस्तरभंग सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील दाट वस्तीतून जातो. २१ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यावर झालेल्या भूकंपात सुमारे ३० जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मार्चमध्ये विद्यापीठाची स्थापना झाली होती. १८७३ मध्ये ते बर्कली येथे आले. या प्रस्तरभंगावरील मागील पाच मोठ्या भूकंपांमधील सरासरी अंतर सुमारे १४० वर्षे आहे आणि १८६८ नंतर त्याहून अधिक काळ लोटला आहे. मात्र या सरासरीवरून पुढील भूकंपाची तारीख सांगता येत नाही. मोठा भूकंप नसतानाही प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू दरवर्षी काही मिलिमीटर सरकत असतात.

इमारतींचे बळकटीकरण

विद्यापीठाचे भूकंपसुरक्षा धोरण १९७५ पासून अस्तित्वात आहे. १९९७ मध्ये परिसरातील इमारतींची नव्याने पाहणी झाली. तीत बांधकामाचे सुमारे एक चतुर्थांश क्षेत्र भूकंपाच्या दृष्टीने कमकुवत आढळले. त्यानंतर अनेक इमारती बळकट करण्यात आल्या, तर टोलमन हॉलसारख्या काही पाडण्यात आल्या.

१९०७ मध्ये उभारलेली हर्स्ट मेमोरियल मायनिंग बिल्डिंग ही इमारत २००२ पर्यंत चाललेल्या कामात पायापासून विलग करून लवचिक आधारांवर ठेवण्यात आली. जमीन हादरली, तरी या आधारांमुळे इमारतीपर्यंत पोहोचणारे धक्के सौम्य होतात.

१९२३ मध्ये खुले झालेले मेमोरियल स्टेडियम थेट प्रस्तरभंगावर आहे. जमीन दुभंगल्यास बांधकाम तिला रोखू शकत नाही. म्हणून २०१० ते २०१२ दरम्यानच्या नूतनीकरणात प्रस्तरभंगावरील भाग उर्वरित स्टेडियमपासून सुटे करण्यात आले. जमीन सरकल्यास ते स्वतंत्रपणे सरकतात आणि शेजारील भाग ओढले जात नाहीत.

पूर्वसूचना

भूकंपाच्या प्राथमिक लहरी वेगाने येतात, पण तुलनेने कमी नुकसान करतात. विध्वंसक दुय्यम लहरी त्यांच्या मागून येतात. भूकंप सुरू होताच केंद्राजवळील यंत्रे प्राथमिक लहरी टिपतात आणि दूरच्या लोकांना काही सेकंद आधी इशारा देता येतो. बर्कली भूकंपशास्त्र प्रयोगशाळेने विकसित केलेल्या 'मायशेक' या मोबाइल अ‍ॅपद्वारे ऑक्टोबर २०१९ पासून संपूर्ण कॅलिफोर्नियात असा इशारा दिला जातो.

या व्यवस्थेला एक मर्यादा आहे. केंद्र जवळ असल्यास दोन्ही लहरींमधील अंतर इतके कमी असते, की इशारा मिळण्यापूर्वीच हादरे सुरू होऊ शकतात. हेवर्ड प्रस्तरभंगावर बर्कलीजवळ भूकंप झाल्यास हीच स्थिती उद्भवू शकते. अशा वेळी सुरक्षितता मुख्यतः आधी केलेल्या बळकटीकरणावर आणि लोकांच्या सरावावर अवलंबून राहते.

आपत्कालीन प्रतिसाद

हादरे बसत असताना खाली वाकून गुडघ्यांवर बसणे, मजबूत टेबलाखाली आडोसा घेणे आणि हादरे थांबेपर्यंत टेबल घट्ट धरून ठेवणे, ही तेथे शिकविली जाणारी पद्धत आहे. टेबल नसल्यास भिंतीलगत बसून डोके व मान हातांनी झाकावी. पडणाऱ्या वस्तू आणि दर्शनी भागातून निखळणाऱ्या विटा-काचांमुळे इजा होत असल्याने त्या क्षणी बाहेर धावणे धोक्याचे ठरते. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये होणाऱ्या 'ग्रेट शेकआउट' या सामूहिक कवायतीत हा सराव केला जातो.

हादरे थांबल्यावर लिफ्टऐवजी जिन्याने उतरून ठरवून दिलेल्या मोकळ्या जागी जमायचे असते. तेथे हजेरी घेतल्याने कोण आत अडकले आहे, हे बचाव पथकांना कळते. प्रयोगशाळांत वायुगळती, रसायनांची सांडलवंड आणि आग यांचा अतिरिक्त धोका असतो.

पश्चात्-कंपनांमुळे तडे गेलेल्या इमारती कोसळू शकतात. म्हणून तपासणीपूर्वी आत जाऊ नये. कॅलिफोर्नियातील प्रचलित पद्धतीनुसार तपासणीनंतर इमारतीवर रंगीत फलक लावतात: हिरवा म्हणजे वापरास मुभा, पिवळा म्हणजे मर्यादित प्रवेश आणि लाल म्हणजे प्रवेश धोकादायक.