कराची ते जुहू : एका उड्डाणाचा हिशेब

अंतराला वेगाने भागले की वेळ निघतो, हे गणित आम्ही शाळेत शिकलो. पुढे कामगार चळवळीत पडल्यावर ध्यानात आले की, या भागाकारात माणूस कोठेच धरलेला नसतो. तो धरला तर उत्तर कसे बदलते, हे एका जुन्या उड्डाणावरून पाहू.

लंडनची हवाई डाक त्या काळी कराचीपर्यंत विमानाने येई आणि पुढे मुंबईकडे रेल्वेने जाई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून डाक घेऊन सकाळी निघाले आणि दुपारी जुहूला उतरले. विमान एका इंजिनाचे, ‘पस मॉथ’ जातीचे. जुहूहून ती डाक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेली.

आता हिशेब मांडू. कराची ते जुहू सरळ रेषेत सुमारे ८८० किलोमीटर. ताशी १६० किलोमीटर वेग धरला तर साडेपाच तास. परंतु इंधनासाठी अहमदाबादला उतरायचे होते. त्या वळणाने वाट झाली सुमारे १,०३० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ साडेसहा तास. अहमदाबादला पेट्रोल आले ते चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि ते डबे आले बैलगाडीतून! आकाशातल्या नव्या युगाचा वेळ असा बैलाच्या चालीवर अवलंबून होता. गाडी हाकणाऱ्याने आणि डबे उचलणाऱ्याने उशीर केला असता, तर वैमानिकाचे सारे कसब जमिनीवरच अडकून पडले असते.

जुहूचे मैदान तरी कसले? समुद्रकाठची चिखलट जमीन. पावसाळ्यात भरतीचे पाणी तेथे शिरे. मग विमाने, वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. तेथे येरवड्याच्या तुरुंगाजवळचे एक मैदान हाच विमानतळ. नकाशावरचे अंतर बारमाही तेच; परंतु पाऊस पडला की वाटही बदले आणि कामही वाढे.

१९८२ साली, पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा केला. त्या जिद्दीस आमचा मनःपूर्वक नमस्कार. परंतु एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. या कथेत वैमानिक नावाने येतात. मेकॅनिक येतात ते ‘तीन’ या आकड्याने. आणि गाडीवान तर बैलगाडीच्या आडच राहतो.

आजही विमान धावपट्टीवर टेकले की सामान उतरवणारे, इंधन भरणारे, आतला केर काढणारे हात कामाला लागतात. उशीर झाला तर बोल त्यांना. वेळेवर सुटले तर श्रेय वेळापत्रकाला. म्हणून श्रोत्यांना आमची एवढीच विनंती : यापुढे ‘किती तास लागले’ असे कोणी विचारले, तर ‘किती हात लागले’ हेही विचारावे. इतिहासाचा हिशेब त्यावाचून पुरा होत नाही.