इंग्लंडचे ग्रामजीवन संग्रहालय, रेडिंग
इंग्लंडमधील शेतीची जुनी अवजारे व यंत्रे तसेच ग्रामीण घरांतील नित्योपयोगी वस्तू यांचे संग्रहालय. रेडिंग विद्यापीठाने १९५१ मध्ये त्याची स्थापना केली. जॉन हिग्झ हे त्याचे पहिले अभिरक्षक होत.

पार्श्वभूमी : इंग्लंडच्या शेतीत यंत्रांचा प्रवेश क्रमाक्रमाने झाला. अँड्र्यू मिकल या स्कॉटिश कारागिराने १७८६ च्या सुमारास फिरत्या पिंपाचे मळणी यंत्र तयार केले. इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये ओतीव लोखंडाच्या फाळाचे एकस्व मिळविले. या फाळाची एक बाजू ओतताना जलद थंड केली जाई, त्यामुळे ती अधिक कठीण होई. दुसरी बाजू आधी झिजत असल्याने फाळाची धार आपोआप टिकून राही. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरचा प्रसार वेगाने होऊन शेतीतील घोडे हटले. घोड्यांबरोबरच त्यांचे साज, गाडे, ते घडविणारे सुतार-लोहार आणि त्यांची परिभाषा हीही लोपू लागली. या परिस्थितीतून संग्रहालयाची कल्पना पुढे आली.

संग्रह : प्रारंभीच्या संग्रहात दोन खाजगी संग्रहांना महत्त्वाचे स्थान आहे. ईस्ट हेंड्रेड या गावी लॅव्हिनिया स्मिथ यांनी आसपासच्या खेड्यांतील टाकाऊ ठरलेल्या वस्तू आपल्या घरी जमविल्या होत्या. लेखक हॅरल्ड जॉन मॅसिंगॅम (१८८८–१९५२) यांनी आपल्या बागेतील झोपडीत हस्तव्यवसायांची हत्यारे जतन केली व कंट्री रेलिक्स (१९३९) या ग्रंथात त्यांची माहिती दिली. लोणी काढण्याची लाकडी पिंपे, वेताच्या टोपल्या, शेतमजुरांचे चुणीदार ढगळ अंगरखे इ. वस्तूंवरून घरातील आणि शेतातील श्रमांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. चारचाकी गाड्यांचा संग्रह विशेष उल्लेखनीय आहे. जमीन, चढउतार व स्थानिक सुतारांची परंपरा यांनुसार प्रत्येक परगण्यातील गाड्याची घडण वेगळी असे. जे. गेराइंट जेंकिन्झ यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेला या गाड्यांवरील ग्रंथ प्रमाणभूत मानला जातो.

वस्तू आणि इतिहास : अशा संग्रहात यंत्रांची मांडणी केवळ प्रगतीचा क्रम म्हणून केल्यास इतिहास अपुरा राहतो. मळणीची जुनी जोडकाठी म्हणजे लांब दांड्याला चामड्याच्या वादीने जोडलेला आखूड सोटा. तिने धान्य झोडपण्याचे काम कष्टाचे होते. तथापि ऐन हिवाळ्यात भूमिहीन मजुरांना मजुरी मिळे ती त्यातूनच. मळणी यंत्राने ती हिरावली. परिणामी १८३० मध्ये दक्षिण व पूर्व इंग्लंडमधील मजुरांनी ‘कॅप्टन स्विंग’ या कल्पित नावाने धमकीची पत्रे पाठविली आणि ठिकठिकाणी मळणी यंत्रे मोडली. या उठावाबद्दल १९ जणांना फाशी देण्यात आले व सु. ४८० जणांना ऑस्ट्रेलियात हद्दपार करण्यात आले. किंटबरी येथील मजुरांचा पुढारी विल्यम विंटरबोर्न यास जानेवारी १८३१ मध्ये रेडिंगच्याच तुरुंगात फाशी दिले गेले. जोडकाठी आणि मळणी यंत्र या दोन वस्तूंमध्ये हा संघर्ष सामावलेला आहे. मात्र तो नुसत्या वस्तूंच्या दर्शनाने कळत नाही.

म्हणूनच वस्तूचे स्थानिक नाव, मूळ गाव, कारागीर, वापरणारी व्यक्ती व वापरण्याची रीत यांच्या नोंदींना वस्तूइतकेच मोल आहे. हिग्झ यांनी संकलन व वर्गीकरण यांच्या पद्धतशीर रीतीवर भर दिला. छायाचित्रे, अवजारे बनविणाऱ्या कारखान्यांचे दप्तर व ग्रंथ यांचाही मोठा साठा येथे आहे. संग्रहालय २००५ मध्ये रेडिंगमधील रेडलँड्‌स मार्गावरील वास्तूत हलविण्यात आले आणि दालनांच्या पुनर्रचनेनंतर २०१६ मध्ये ते पुन्हा खुले झाले.