धक्का शोषते कोण? पिंपरी-चाकणच्या वाटेवरची स्प्रिंग आणि डॅम्परची कथा

गॅरेजमध्ये ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात, त्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे नावच फसवे आहे. रस्त्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग मग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ही साठलेली ऊर्जा बारीक छिद्रांतून तेल ढकलत उष्णतेत घालवणे, एवढेच डॅम्परचे काम. मोटारविद्येला ही दोन कामे वेगळी करण्यास बराच काळ लागला.

प्रारंभी दोन्ही कामे एकाच वस्तूकडे होती. घोडागाडीकडून वारशाने आलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणच उसळी आवरते. टेल्कोने १९६६ मध्ये पुण्यात पाय रोवले. तिच्या मालमोटारींना पाटेच शोभत होते, कारण ओझे पेलण्यात त्यांना तोड नाही. मात्र हे घर्षण गंजावर आणि ग्रीसवर अवलंबून. त्याला शिस्त लावता येत नाही. गुंडाळीच्या स्प्रिंगमध्ये तर घर्षण जवळजवळ नसतेच. तिच्यासोबत स्वतंत्र डॅम्पर अपरिहार्य ठरला.

येथे एक गमतीदार वळण येते. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या क्लॉड फॉस्टर यांनी इंजिनाच्या धुरावर वाजणारा सुरेल भोंगा बनवला आणि त्याला तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचे, गॅब्रिएलचे नाव दिले. पुढे त्याच नावाने त्यांनी ‘स्नबर’ विकले: स्प्रिंग दबताना मोकळी सोडणारा, उसळताना मात्र आवळून धरणारा पट्टा. भोंगा विस्मृतीत गेला, नाव उरले. १९६१ मध्ये गॅब्रिएल इंडिया स्थापन झाली, मुलुंडला कारखाना निघाला. आज तिचे मुख्य ठाणे चाकणजवळ कुरुळीत, पुणे-नाशिक महामार्गावर आहे.

१९९८ मध्ये पिंपरीच्या इंडिकाने पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागेही गुंडाळीच्या स्प्रिंगा घेतल्या. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी पोलो कपच्या शर्यती भरल्या. एकच गाडी रस्त्यावरही आणि ट्रॅकवरही. तुलनेला याहून चांगली संधी कोणती?

रस्त्यावरच्या गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा डोलतो. शर्यतीच्या गाडीत हे प्रमाण २ च्या आसपास किंवा अधिक असते. डोलण्याची गती दुप्पट करायची तर स्प्रिंग चौपट कडक लागते. वळणावर गाडी किती कलेल हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते. किती झटकन कलेल हे डॅम्पर. श्रीपेरुंबुदूरच्या गुळगुळीत ट्रॅकवर कडकपणा फळतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याच कडकपणाने चाक जमीन सोडते, आणि हवेतल्या टायरला पकड कसली?

खरी चूक घडते ती अर्धवट बदलात. हौशी मंडळी गाडी खाली बसवण्यासाठी कडक स्प्रिंग घालतात, डॅम्पर जुनाच ठेवतात. स्प्रिंग दुप्पट कडक झाली, की त्याच डॅम्परचा सापेक्ष अंकुश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. गाडी रुबाबदार दिसते, पण उड्डाणपुलाच्या सांध्यावरून जाताना पूर्वीपेक्षा अधिक वेळा उसळते.