औषधाचा गुण कोठें वसतो?

अमक्या औषधाचा गुण आला, तमक्याचा आला नाहीं, असें आपण नित्य बोलतों. या बोलण्यांत एक सिद्धान्त गृहीत धरलेला आहे. तो असा कीं, गुण हा सर्वस्वीं औषधाच्या ठायीं असतो आणि देह हें केवळ त्याचें पात्र होय. परंतु पोटांत गेलेलें औषध रक्ताबरोबर बहुतेक सर्व शरीरभर हिंडतें. मग त्याचा प्रभाव एखाद्याच इंद्रियावर विशेष कां पडावा? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना शास्त्रज्ञांस जवळजवळ एक शतक एका अदृश्य वस्तूवर भिस्त ठेवावी लागली. त्या विश्वासाचा इतिहास आम्हांस फार बोधप्रद वाटतो.

इ. स. १८७८ मध्यें केंब्रिज येथील तरुण संशोधक जॉन लँग्ले हा मांजराच्या लालापिंडावर प्रयोग करीत होता. पायलोकार्पीन दिलें कीं लाळ सुटे. ॲट्रोपीन दिलें कीं ती थांबे. आणि दोन्ही दिलीं असतां कोणाची सरशी व्हावी हें त्यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून राही. यावरून त्यानें अनुमान काढलें कीं, ज्याशीं या दोहोंपैकीं कोणतेंही संयोग पावूं शकेल असें कांहीं द्रव्य तेथें असलें पाहिजे.

पुढें १९०५ सालीं त्यानें कोंबडीच्या स्नायूवर निकोटीन आणि क्युरारी (दक्षिण अमेरिकेंतील शिकारी बाणास लावीत तें विष) यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. स्नायूकडे जाणारा मज्जातंतु तोडून तो पूर्ण झिजूं दिला, तरी निकोटीनानें स्नायू आकसलाच. अर्थात् क्रिया तंतूच्या टोकावर नव्हती. क्युरारीनें तें आकुंचन रोखलें. पण विजेचा झटका देतांच तोच स्नायू पुन्हां आकसला. अर्थात् आकुंचनाची मूळ शक्ति शाबूत होती. मग मध्यें जें अडलें तें काय? लँग्लेनें त्यास ‘ग्राही द्रव्य’ असें नांव दिलें.

जर्मनींत पाउल एर्लिख हा विष व प्रतिविष यांच्या अभ्यासांतून अशाच कल्पनेप्रत आला होता. तथापि वनस्पतिज औषधें पेशींतून सहज धुवून निघतात, तेव्हां त्यांसही ग्राही असतील हें त्यास प्रथम पटेना. १९०७ मध्यें तें त्यानें मान्य केलें. १९२६ सालीं ए. जे. क्लार्क यानें बेडकाच्या हृदयावर ॲसिटिलकोलीनची मात्रा व तिचा परिणाम यांचें गणित मांडलें. परिणामास पुरेशी मात्रा इतकी अल्प भरली कीं, तिनें पेशींच्या पृष्ठभागाचा अगदीं लहान अंशच झांकला जावा. पुढें आरिएन्स (१९५४) व स्टीफनसन (१९५६) यांनीं आणखी एक भेद स्पष्ट केला: ग्राहीस चिकटणें निराळें, आणि चिकटून कार्य घडविणें निराळें. किल्ली कुलपांत शिरते पण फिरत नाहीं, तेव्हां ती दुसऱ्या किल्लीची वाट मात्र अडविते. ॲट्रोपीनाचें वर्तन असेंच आहे.

१९४८ सालीं रेमंड आल्क्विस्ट यानें ॲड्रिनॅलीनचे ग्राही आल्फा व बीटा असे दोन प्रकारचे असावेत असें प्रतिपादिलें. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकानें तो लेख परत केला, म्हणून तो शरीरशास्त्राच्या नियतकालिकांत आला. त्याच विभागणीच्या आधारें जेम्स ब्लॅक यानें हृदयरोग्यांसाठीं प्रोप्रॅनोलॉल सिद्ध केलें. गंमत ही कीं, ग्राही ही एक अमूर्त कल्पनाच होय, असें आल्क्विस्ट स्वतः पुढेंही म्हणत असे! कल्पनेच्या आधारावर मात्र रोगी बरे होऊं लागले होते.

अखेर १९७० च्या सुमारास तैवानांतील मण्यारीच्या विषांतील एका द्रव्याच्या साह्यानें, विजेचा धक्का देणाऱ्या माशाच्या देहांतून ॲसिटिलकोलीनचा ग्राही प्रत्यक्ष हातीं लागला. तें एक प्रथिन ठरलें. २०११ सालीं कोबिल्का व त्याचे सहकारी यांनीं बीटा ग्राहीची, तो पेशीच्या आंत संदेश पोंचवीत असतांनाची घडण क्ष-किरणांनीं टिपली. पुढच्याच वर्षीं लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

न दिसणाऱ्या वस्तूवरील प्रत्येक विश्वास अंध नसतो, हें आम्हीं यावरून शिकावें. अमुक असेल तर तमुक घडलेंच पाहिजे, असें जो विश्वास आगाऊ सांगतो आणि तें न घडल्यास मागें सरण्यास सिद्ध असतो, तो डोळस होय. लँग्लेचें ग्राही द्रव्य या कसोटीस पुनःपुन्हां उतरलें, म्हणूनच तें टिकलें. आणि आरंभींच्या प्रश्नाचें उत्तरही त्यांतच आहे: गुण एकट्या औषधांत नाहीं, एकट्या देहांतही नाहीं, तो उभयतांच्या भेटींत आहे.