'यूज्ड टू' कधी वापरायचं? सोप्या मराठीत समजून घ्या

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचा. पहिल्याच मुलाखतीत मी सांगितलं, 'आय यूज्ड टू वर्क ऑन कॉम्प्युटर.' मला म्हणायचं होतं, मी कॉम्प्युटरवर काम करतो. साहेबांनी विचारलं, 'मग आता सोडलं का?' मला उत्तर सुचलं नाही, आणि नोकरीही गेली.

चूक काय झाली? 'यूज्ड टू' म्हणजे पूर्वी असायचं, आता नाही. मराठीत यासाठी 'जायचो, राहायची, मानायचे' ही रूपं आहेतच.

१) यूज्ड टू + मूळ क्रियापद
आय यूज्ड टू लिव्ह इन खामगाव. – मी पूर्वी खामगावला राहायचो.
पीपल यूज्ड टू थिंक लोणार वॉज व्होल्कॅनिक. – लोणारचं विवर ज्वालामुखीचं आहे, असं लोक मानायचे. (ते उल्का आदळून झालं हे आता माहीत आहे, म्हणून 'यूज्ड टू'.)

२) नकार असेल तर 'यूज्ड'मधला 'ड' जातो
आय डिडन्ट यूज टू ड्रिंक टी. – मी आधी चहा प्यायचो नाही.

३) ॲम / इज / आर + यूज्ड टू = सवय आहे
आय ॲम यूज्ड टू द हीट. – मला उन्हाची सवय आहे.
इथे पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावा: आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली.

मग माझं वाक्य कसं हवं होतं? साधंच: आय वर्क ऑन अ कॉम्प्युटर.

बोलण्याआधी वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. 'करायचो' आलं तर 'यूज्ड टू', 'करतो' आलं तर साधा वर्तमानकाळ. एवढं जमलं तरी मुलाखतीत माझ्यासारखी फजिती होणार नाही.