बर्फात फोर-व्हील ड्राइव्ह 'ओव्हरहीट' कशी होते? वॉर्निंग आली तर काय करायचं?

बाहेर उणे पाच डिग्री. बोनेटवर बर्फ, आरशांवर बर्फ, बोटं गारठलेली. आणि डॅशबोर्डवर मेसेज येतो की फोर-व्हील ड्राइव्ह सिस्टिम गरम झाली आहे, गाडी थांबवा.

पहिल्यांदा हे वाचणाऱ्याला वाटतं सेन्सर बिघडला असेल. एवढ्या थंडीत गरम काय होणार? मग तो काय करतो, तर ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. आणि नेमकं तेच करायचं नसतं.

आता वर्ध्यात बर्फ पडत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणारा हा जिल्हा. पण पिपरी मेघेतून मनाली साधारण १,७०० किलोमीटर आहे आणि डिसेंबरच्या सुट्ट्यांत तिकडे स्वतःची गाडी घेऊन जाणारे आता कमी राहिलेले नाहीत. एमएच-३२ ची नंबर प्लेट सोलंगच्या बर्फात उभी असल्याचा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. शिवाय हा विषय फक्त बर्फाचा नाही. आपल्या काळ्या मातीतही हेच होतं, त्यावर पुढे येऊच.

आधी परिस्थिती समजून घ्या

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगद्याचं उद्घाटन झालं. ९.०२ किलोमीटर लांबी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर उंची. त्याआधी लाहौलला जायचं तर ३,९७८ मीटरवरचा रोहतांग पास ओलांडावा लागायचा आणि हिवाळ्यात तो बंदच असायचा. बोगद्यामुळे झालं असं की, ज्या काळात तिकडे पर्यटक फिरकतही नव्हते, त्याच काळात आता गाड्यांच्या रांगा लागतात.

२३ डिसेंबर २०२४ ला बर्फवृष्टी झाली आणि सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या. पोलिसांना शेकडो पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. चारच दिवसांनी सोलंग नाल्याजवळ पुन्हा तेच, तेव्हा अडकलेल्यांचा आकडा पाच हजारांच्या आसपास होता. अशा दिवसांत प्रशासन बहुतेक वेळा एकच नियम लावतं: पुढे फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना चेन लावलेल्या गाड्या.

त्यामुळे फोर बाय फोरवाल्याला वाटतं आपल्याला काही होणार नाही. इथूनच घोळ सुरू होतो.

गरम नेमकं काय होतं?

इंजिन नाही. निदान या मेसेजमध्ये तरी नाही.

भारतात ज्यांना आपण सरसकट 'फोर बाय फोर' म्हणतो, त्या गाड्या मुळात दोन जातीच्या आहेत. थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन यांचे फोर बाय फोर व्हेरिएंट ही पहिली जात. यांत ट्रान्सफर केस असते. लिव्हर किंवा बटणाने फोर एच लावलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना पक्के जोडले जातात. मध्ये घसरायला जागाच नाही.

दुसरी जात म्हणजे एडब्ल्यूडी, ऑल-व्हील ड्राइव्ह. ग्रँड विटारा आणि हायरायडरचं एडब्ल्यूडी मॉडेल, जीप कंपास, ट्यूसॉन, एक्सयूव्ही७०० चं एडब्ल्यूडी, आणि २०१४ ला आलेली जुनी डस्टर एडब्ल्यूडी. या गाड्या एरवी पुढच्या चाकांवरच चालतात. पुढचं चाक घसरलं की मागच्या ॲक्सलजवळ बसवलेलं एक कपलिंग मागच्या चाकांकडे ताकद पाठवतं.

मेसेज येतो तो या कपलिंगमुळे. त्याच्या आत तेलात बुडालेल्या पातळ चकत्यांचा गठ्ठा असतो. बाइकच्या क्लच प्लेट बघितल्या असतील तर तशाच. कंप्युटर त्या चकत्या हव्या तेवढ्या एकमेकांवर दाबतो. थोड्या दाबल्या तर मागे थोडी ताकद, पूर्ण दाबल्या तर भरपूर. स्वीडनच्या हाल्डेक्स कंपनीचं अशा प्रकारचं कपलिंग १९९८ मध्ये फोक्सवॅगन आणि ऑडीच्या गाड्यांत आलं आणि पुढे ही कल्पना जगभर पसरली.

आता समजा पुढची चाकं बर्फात गरागरा फिरताहेत आणि मागची जवळपास उभी आहेत. म्हणजे कपलिंगमधल्या चकत्यांची एक बाजू जोरात फिरते, दुसरी हळू. दोन्ही एकमेकांवर दाबलेल्या. घासणार. घासलं की उष्णता. दोन हात चोळून बघा, तेच. फरक इतकाच, की इथे चोळणारं इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं असतं आणि उष्णता सामावून घ्यायला थोडंसं तेल आणि एक छोटा धातूचा डबा.

बाहेरची थंडी त्या डब्याला मदत करते का? थोडीफार. पण गाडी जागेवर फसलेली असते, म्हणजे खालून वारा वाहत नाही. त्यात डब्याभोवती बर्फ आणि चिखल चिकटलेला. उष्णता तयार होते काही सेकंदांत आणि बाहेर पडायला लागतात कित्येक मिनिटं.

तेल एका मर्यादेपलीकडे तापलं की कंप्युटर चकत्या सोडून देतो. गाडी टू-व्हील ड्राइव्ह होते आणि मेसेज येतो. म्हणजे गाडी बिघडलेली नसते, ती कपलिंग जळण्यापासून वाचवत असते. पण ज्या घडीला तुम्हाला चारही चाकांची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकी त्याच घडीला दोन चाकं काढून घेतली जातात. चढावर असाल तर गाडी मागे सरकायला लागू शकते. हा खरा धोका आहे.

मग काय करायचं?

ॲक्सिलरेटर सोडा. मागे दरी, वळण किंवा दुसरी गाडी नसेल अशा जागी, शक्य असेल तर सपाटीवर गाडी उभी करा. हँडब्रेक, हॅझर्ड लाइट.

अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये पुढची सूचना असते की इंजिन बंद करू नका, आयडलवर चालू ठेवा आणि मेसेज जाईपर्यंत थांबा. किती वेळ? पाच-दहा मिनिटांत जाईल किंवा जास्तही लागेल, ते किती तापलंय त्यावर आहे. इंजिन बंद-चालू करून मेसेज घालवायचा प्रयत्न करू नका. मेसेज गेला तरी तेल थंड झालेलं नसतं, आणि तुम्ही पुन्हा रेस केली की दुसऱ्या वेळी ते आणखी लवकर तापतं.

इथे एक गोष्ट आहे जी मॅन्युअलमधल्या त्या एका ओळीत येत नाही, आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

बर्फात इंजिन चालू ठेवून बसण्याआधी खाली उतरा आणि सायलेन्सरचं तोंड बघा. मागे सरकताना ते बर्फाच्या ढिगात घुसलेलं असू शकतं. ते बंद असेल तर धूर गाडीखाली साचतो आणि तिथून केबिनमध्ये येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. प्रवासाच्या थकव्यात झोप आली तर कोणाला काय शंका येणार?

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हेच झालं. रात्रभर बर्फ पडला, पर्यटकांच्या गाड्या रस्त्यातच गाडल्या गेल्या. किमान २२ जणांचा जीव गेला, त्यात १० लहान मुलं होती. यातले काही मृत्यू गाडीत साचलेल्या विषारी वायूमुळे झाल्याचं तिथल्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं होतं.

म्हणून सायलेन्सरभोवती हात-दोन हात जागा मोकळी करा, बर्फ पडत असेल तर दर थोड्या वेळाने पुन्हा करा, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. सायलेन्सर मोकळा करणं शक्यच नसेल, तर इंजिन बंद करा. कपलिंग थंड व्हायला वेळ लागला तर लागू द्या. रात्र काढायची वेळ आली तर इंजिन सलग चालू ठेवू नका, मध्ये मध्ये थोडा वेळ लावून हीटर घ्या आणि गाडीतल्या एकाने तरी जागं राहा.

थार-जिम्नीवाले सुटले का?

नाही. त्यांच्यात तापणाऱ्या जागा वेगळ्या आहेत, एवढंच.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत पहिला बळी क्लचचा. बर्फाच्या चढावर अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरायची सवय असेल, तर काही मिनिटांत जळका वास येतो. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं तेल तापतं. उपाय दोन्हीत एकच, फोर एल. लो रेंजमध्ये इंजिन आरामात फिरतं, चाकं सावकाश फिरतात, क्लचवर ताण येत नाही. फोर एल लावताना साधारणपणे गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते, त्यामुळे चढाच्या मध्यावर नाही, चढाआधीच लावा. अनेकजण लाखभर रुपये जास्त देऊन हे फीचर घेतात आणि आयुष्यात एकदाही लावत नाहीत.

दुसरी चूक याच्या उलट. फोर एच एकदा लावलं की गाडी खाली मनालीत येईपर्यंत काढायचंच नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. बर्फावर चाक थोडं घसरून तो फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ ट्रान्सफर केस आणि शाफ्टवर येतो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर अडकते, टायर झिजतात. हिवाळ्यात तिकडे रस्ता दर दोन-चार किलोमीटरला बदलतो: बर्फ, मग कोरडं डांबर, मग बोगदा, मग पलीकडे सिस्सूच्या बाजूला पुन्हा बर्फ. तितक्या वेळा टू एचवर यायला कंटाळू नका.

आणि हो, सगळ्या थार फोर बाय फोर नसतात. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते. भाड्याने घेत असाल तर लिव्हर बघून घ्या. काही टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांतही 'स्नो मोड' असतो, पण तो फक्त इंजिनची ताकद आणि ब्रेक जपून वापरतो, मागची चाकं काही फिरवत नाही.

निघण्याआधी वर्ध्यातच करायची कामं

टायर. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण एडब्ल्यूडी गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले पाहिजेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असं असेल तर चाकांच्या घेरात फरक पडतो. मग सरळ रस्त्यावरही पुढचे-मागचे शाफ्ट वेगळ्या गतीने फिरतात आणि कपलिंग बर्फ लागायच्या आधीपासूनच घासत राहतं. स्टेपनी लहान मापाची असेल तर तेच. ती लावून १,७०० किलोमीटर परत यायचं नसतं.

चेन विकत घ्या किंवा तिकडे भाड्याने, पण कुठल्या चाकांना लावायची ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. फक्त एका चाकाला कधीच लावू नका. चेन लावून साधारण ताशी ४० च्या आतच राहा, आणि कोरडा रस्ता लागला की काढा. एक छोटं फावडं डिकीत टाका. चाकापुढचा बर्फ उकरला आणि पायाखालचे मॅट चाकाखाली सरकवले, की पाच वेळा रेस करून जे होत नाही ते बऱ्याचदा एका प्रयत्नात होतं. गाडी दोन-तीन सेकंदांत हलली नाही तर थांबा, उतरा, उकरा.

कूलंटही तपासा. आपल्याकडे उन्हाळ्यात पातळी कमी झाली की नळाचं पाणी टाकणारे खूप आहेत. ते पाणी तिकडे रात्रीत गोठू शकतं. सकाळी इंजिनमध्ये कूलंट फिरत नाही आणि मग खरोखरच इंजिन ओव्हरहीट होतं. त्याचा लाल काटा वेगळा, फोर-व्हील ड्राइव्हचा मेसेज वेगळा. काटा वर गेला तर इंजिन बंद करायचं आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

चार चाकं फिरतात म्हणून गाडी लवकर थांबत नाही, हेही लक्षात असू द्या. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चार चाकांनाच असतात.

आणि काळ्या मातीचं काय?

पावसाळ्यात शेतात एसयूव्ही नेणाऱ्यांनी वरचं सगळं 'बर्फ' खोडून 'चिखल' लिहून वाचलं तरी चालेल. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की टायर गुळगुळीत होतो. पांदण रस्त्यावर गाडी फसली की चाकं तशीच जागेवर फिरतात, कपलिंग तसंच तापतं. उलट बाहेर ३० डिग्री असल्यामुळे थंड व्हायला आणखी उशीर लागतो. तिथे मात्र ट्रॅक्टर हाकेच्या अंतरावर असतो, म्हणून हा मेसेज कोणी फार मनावर घेत नाही.

मेसेज एकदा जरी आला असेल, मग तो बर्फात असो की शेतात, तर पुढच्या सर्व्हिसिंगला नुसतं इंजिन ऑइल बदलून येऊ नका. मागच्या डिफरन्शियलचं आणि कपलिंगचं तेल तपासायला सांगा. बऱ्याच गाड्यांत ते वेगळं असतं, आणि तुम्ही विचारल्याशिवाय कोणी ते उघडून बघेलच असं नाही. तेल काळं पडलं असेल किंवा जळका वास येत असेल तर बदलून घ्या.